‘मॅनेज केलं’ म्हणजे नेमकं काय केलं? तुर्भ्याच्या शीतगृहातली एक भरती

पार्श्वभूमी

तुर्भ्याच्या एमआयडीसीतलं हे शीतगृह. मालक दुसऱ्या पिढीतले. वडिलांनी वाशीच्या बाजार समितीतल्या फळव्यापाऱ्यांसाठी धंदा सुरू केला, मुलानं त्यात आधी गोठवलेले खाद्यपदार्थ आणि मग औषधं आणली. औषधांचं दालन २ ते ८ अंश सेल्सिअसचं. इन्शुलिन आणि बऱ्याचशा लसी याच तापमानात ठेवतात. हा माल उन्हाला भितो तितकाच गोठण्यालाही भितो. हिपॅटायटिस बी ची लस एकदा गोठली की निकामी होते, आणि कुपीकडे नुसतं बघून ते सहजी कळत नाही. म्हणून या धंद्यात नोंदीला मालाइतकीच किंमत आहे.

मी तिथे मनुष्यबळाचं काम बघत होते. सव्वाशेच्या आसपास कर्मचारी, माथाडी टोळ्या वेगळ्या. जी जागा भरायची होती ती रात्रपाळीच्या इनचार्जची, रात्री १० ते सकाळी ६. दिवसा ऑफिस भरलेलं असतं, विचारायला दहा माणसं असतात. रात्री डॉकवर, म्हणजे गाड्या भरायच्या फलाटावर, इनचार्ज, दोन सुपरवायझर, ड्रायव्हर, टोळी आणि गेटवरचा वॉचमन. पहाटे रस्ते भरायच्या आत गाड्या सुटल्या पाहिजेत, आणि त्या सुटेपर्यंत प्रत्येक निर्णय त्या एका माणसाचा.

इथे माथाडींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगारांची नोंदणी माथाडी मंडळाकडे आणि मजुरीही मंडळामार्फतच मिळते. म्हणजे टोळी इनचार्जच्या हाताखाली काम करते, पण ती त्याची नोकर नाही. तिथे हुकूम चालत नाही. मुकादमाशी बोलून, त्याचा मान राखून आणि कधी ठामपणे नाही म्हणून काम पुढे न्यावं लागतं.

कंपनी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत.

अडचण

१४ महिन्यांत या जागेवरून दोन माणसं गेली. पहिला चार महिन्यांत स्वतःहून सोडून गेला. टोळीशी त्याचं एकदाही जमलं नाही. दुसऱ्याच्या बाबतीत जे झालं ते जास्त गंभीर होतं.

जुलैतली रात्र. औषधांची खोकी दालनातून काढून डॉकवर आणली, आणि मग लक्षात आलं की आलेल्या रीफर गाडीचं, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या गाडीचं, कूलिंग चालूच केलेलं नाही. रिकामी गाडी आधी थंड करून घ्यायची असते. ती थंड होईपर्यंत खोकी परत आत न्यायला हवी होती. ती तासाहून जास्त वेळ डॉकवरच राहिली. खोक्यातल्या डेटा लॉगरनं, म्हणजे आपोआप तापमान नोंदवणाऱ्या यंत्रानं, १२ अंश नोंदवले. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र दर तासाला सुबक अक्षरात ६, ६, ६ असं लिहिलेलं होतं. ग्राहकानं दुसऱ्या दिवशी लॉगर संगणकाला जोडला आणि सगळं उघडं पडलं. माल नष्ट करावा लागला. ग्राहक टिकला, पण पुढे सहा महिने दर महिन्याला त्यांचा माणूस तपासणीला येत होता.

त्या इनचार्जला काढणं सोपं होतं. मला झोपू देत नव्हती ती दुसरी गोष्ट: त्याला मीही निवडलं होतं. दोन्ही मुलाखतींना मी हजर होते. प्रत्येकी वीसेक मिनिटं. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’, ‘प्रेशर सहन होईल ना?’ मी माझ्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. त्यात लिहिलं होतं: कॉन्फिडंट. बोलणं चांगलं. कळव्यात राहतो, यायला सोपं. त्या माणसानं आजवर प्रत्यक्ष काय केलं होतं, याबद्दल एकही ओळ नव्हती.

समोरचे पर्याय

ऑपरेशन्सच्या प्रमुखांना आतलाच माणूस हवा होता. डॉकवर अकरा वर्षं काढलेला सुपरवायझर, टोळीचा लाडका. मालकांचा कल भिवंडीकडे होता. तिथल्या मोठ्या गोदामांत तयार झालेला माणूस एजन्सीतून आणायचा, पगार थोडा जास्त द्यायचा. एक रात्र प्रत्यक्ष काम करवून बघावं असंही बोलणं झालं, पण दुसरीकडे नोकरीत असलेला माणूस रात्रपाळी करून बघायला येणार कसा, म्हणून ते मागे पडलं.

माझं म्हणणं एवढंच होतं की आतला असो की बाहेरचा, सगळ्यांना तेच प्रश्न, आणि प्रश्न घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल. ‘तुम्ही काय कराल?’ याला शहाणपणाचं उत्तर कोणीही देतं. ‘त्या रात्री तुम्ही काय केलंत?’ याला प्रसंगच सांगावा लागतो.

मालक म्हणाले, “अकरा वर्षं ज्याला बघतोय त्याची मुलाखत कशाला?” मी म्हटलं, “आपण त्याला दिवसा बघितलंय, साहेब.”

ही पद्धत नवी नाही. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना, कामाचं यश-अपयश ठरवणारे नेमके प्रसंग गोळा करण्याची रीत बसवली आणि १९५४ साली ती सविस्तर मांडली. पुढे १९८२ मध्ये टॉम जान्झ यांनी पूर्वीच्या वागण्यावर बेतलेल्या मुलाखतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकांना मात्र आकडा हवा होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. मुलाखतीतले गुण आणि नंतरचं काम यांचा मेळ शून्य ते एक या मापावर धरला, तर आखीव मुलाखतीचा ०.४२ आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९ निघाला. ०.४२ म्हणजे खात्री नव्हे, हेही मी सांगितलं. मालकांनी कागद पाहिला, म्हणाले, “दोनदा चुकलोय, तिसऱ्यांदा तुमच्या पद्धतीनं.”

प्रश्न कुठून आणले

इंटरनेटवर असे प्रश्न शेकड्यांनी मिळतात. ते मी घेतले नाहीत, आणि या सगळ्या प्रकरणात मला पूर्ण पटलेला निर्णय कुठला, तर हा. तीन संध्याकाळी मी डॉकवर बसले. दोन ड्रायव्हर, दोन्ही टोळ्यांचे मुकादम, जुने सुपरवायझर, वॉचमन आणि ग्राहकाकडचे गुणवत्ता अधिकारी, सगळ्यांना एकच विचारलं: “इनचार्जनं असं काय केलं की काम वाचलं? आणि असं काय केलं की बुडालं?”

सत्तावीस प्रसंग जमले. सगळ्यात मोलाचा वॉचमनकाकांनी दिला. पाळी बदलताना जाणारा इनचार्ज येणाऱ्याला ‘सगळं ओके’ म्हणतो आणि निघतो, आणि अर्धवट भरलेली गाडी कुठल्या दारावर उभी आहे हे नव्याला तासाभरानं कळतं, असं ते म्हणाले. हा मुद्दा आमच्या कोणाच्याच यादीत नव्हता.

प्रसंगांचे चार ढीग झाले, त्यातून चार प्रश्न:

“नियम पाळावा तर गाडीला उशीर, गाडी सोडावी तर नियम मोडतो, असा पेच शेवटचा कधी पडला? तेव्हा काय केलंत?”

“तुमच्या हातून किंवा तुमच्या पाळीत चूक झाली आणि वरच्यांना कळायच्या आधी तुम्हाला कळली, असा एक प्रसंग सांगा.”

“ज्याच्यावर तुमचा अधिकार चालत नव्हता अशा माणसाकडून काम करून घ्यावं लागलं, तो प्रसंग.”

“आधीच्या पाळीकडून अर्धवट काम हातात आलं, ते कसं सोडवलंत?”

प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि कुठल्या उत्तराला किती हे आधीच लिहून ठेवलं. चुकीबद्दलच्या प्रश्नाला ५ गुण कधी? माल अजून वाचवता येण्यासारखा असताना स्वतःहून सांगितलं तर. विचारल्यावर, किंवा सगळं निस्तरल्यावर सांगितलं तर ३. लपवलं किंवा नोंद जुळवली तर १. मालक, ऑपरेशन्स प्रमुख आणि मी, तिघांनी आपापले गुण एकमेकांशी न बोलता लिहायचे, मगच तोंड उघडायचं, असंही ठरलं.

पहिल्या दिवशी झालेली चूक

सहा उमेदवार. पहिल्या दिवशी दोघे आले आणि आम्ही सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली. उत्तरं तीन-तीन वाक्यांत संपली. दुसरा उमेदवार बारा वर्षं रात्रपाळ्या केलेला माणूस. वाक्य जुळवताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर पडताना तो वॉचमनकाकांशी पाच मिनिटं मराठीत बोलला, आणि आम्ही खोलीत ज्यासाठी अर्धा तास धडपडलो तसा एक अख्खा प्रसंग त्यानं गेटवर उभ्याउभ्या सांगितला. काकांनीच संध्याकाळी तो मला ऐकवला.

या माणसाची रात्र मराठीत आणि हिंदीत जाते. भांडण, विनवणी, फोन, सगळं त्याच भाषांत. त्याची आठवणही त्याच भाषेत आहे. इंग्रजीत विचारून आम्ही त्याचं इंग्रजी मोजत होतो. ग्राहकाला ई-मेल लिहिण्यापुरतं इंग्रजी लागतं, ते वेगळं तपासता येतं. दुसऱ्या दिवसापासून उमेदवाराला हवी ती भाषा ठेवली आणि आधीच्या दोघांना पुन्हा बोलावलं. दोघांचा अर्धा दिवस पुन्हा गेला, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली.

क्रियापदापाशी थांबणं

भाषा बदलल्यावर गोष्टी खुलल्या, पण नवी अडचण आली. आपण मराठी माणसं ‘मी केलं’ म्हणायला संकोचतो. ‘आम्ही केलं’, ‘करून घेतलं’, ‘झालं मग ते’. ज्यानं खरोखर रात्रभर राबून काम केलं तोही ‘आम्ही’ म्हणतो, आणि जो शेजारी उभा होता तोही. त्यामुळे ‘आम्ही’ ऐकून गुण कापणं अन्यायाचं, आणि ‘आम्ही’वर पूर्ण गुण देणं भाबडेपणाचं. मी शांतपणे विचारायला लागले: “त्यात तुमच्या वाट्याला काय आलं?”

दुसरे शब्द जास्त फसवे. मॅनेज केलं. ॲडजस्ट केलं. बघून घेतलं. मिटवलं. आपल्याकडे कामाच्या जागी हे शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतात आणि ऐकणारा मान डोलावतो. पण चार निरनिराळ्या माणसांनी ‘मॅनेज केलं’ म्हटलं तेव्हा त्यामागे चार निरनिराळी कामं होती. एकानं दुसरी गाडी मागवली होती. एकानं ड्रायव्हरला खिशातून पाचशे रुपये दिले होते. एकानं साहेबांना उठवलं होतं. चौथ्याकडे मी आता येते. अशा शब्दापाशी आम्ही साधे प्रश्न ठेवले: तेव्हा किती वाजले होते? पहिला फोन कोणाला? नेमकं काय बोललात? तो काय म्हणाला? मग? आणि प्रश्न विचारून गप्प बसायचं. ऑपरेशन्स प्रमुखांना हे फार जड गेलं. उमेदवार आठवत असताना ते मदतीला धावायचे, “म्हणजे तुम्ही लगेच कळवलं असणार ना?” अशा वाक्यानंतर उत्तर ‘हो’च येतं.

शेवटचे तिघे

भिवंडीचा उमेदवार लॉजिस्टिक्समधला एमबीए. सुरुवात देखणी होती, पण ‘असं झालं की आम्ही नेहमी असं करतो’ या वळणाची. एकाच रात्रीबद्दल सांगा म्हटलं की कथा विरळ व्हायची. चिडलेल्या ड्रायव्हरचा त्याचा प्रसंग मात्र खरा आणि उत्तम होता. त्याला आम्ही तिघांनीही न ठरवता ४ दिले.

घणसोलीच्या बाई एका रुग्णालयाच्या औषध भांडारात रात्रपाळीला होत्या. आवाज हळू, सुरुवातीला नजर टेबलावर. चुकीबद्दलच्या प्रश्नावर त्यांनी सांगितलं की एका रात्री फ्रिजचं दार नीट न लागल्याचं त्यांच्या पावणेतीनला लक्षात आलं. दार त्यांनीच लावलं होतं. त्यांनी फ्रिजमधला सगळा माल वेगळ्या पेटीत ठेवून त्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि तीन वाजता फार्मसी प्रमुखांना झोपेतून उठवलं. “बोलणी खाल्ली, पण सकाळी वॉर्डात ते इंजेक्शन गेलं असतं तर?” तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे भक्कम प्रसंग नव्हता. माथाडी टोळीशी त्यांचा कधी संबंधच आलेला नव्हता. २ गुण.

त्यांच्या मुलाखतीत मालकांच्या तोंडून निघालं, “रात्री घरी कोण बघणार?” मी मध्येच थांबवलं. हा प्रश्न आम्ही कुठल्याच पुरुषाला विचारला नव्हता. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करता येत नाही, आणि संमती घेऊन, सुरक्षिततेची आणि वाहतुकीची सोय करून स्त्रियांना रात्री काम देता येतं. मग तिघांनाही तेच सांगितलं: ही वेळ, ही गाडीची सोय, जमेल का?

आणि आमचा सुपरवायझर. टोळीबद्दल बोलताना त्याचे डोळे चमकत होते. पावसात अडकलेल्या टोळीला त्यानं कसं राजी केलं, मुकादमाला आधी चहा आणि मग काम, हे सगळं ऐकताना आम्ही तिघंही रंगलो. पूर्ण ५. मग चुकीबद्दलचा प्रश्न. तो म्हणाला, “एकदा दोन तास रीडिंग घ्यायचं राहिलं, मॅडम. पण मॅनेज केलं.” मी विचारलं, म्हणजे काय केलं? “सकाळी रजिस्टर जुळवून घेतलं. कोणाला त्रास नाही झाला.” त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. काम निभावल्याचा अभिमान होता.

खोलीत कोणी काही बोललं नाही.

निर्णयाची बैठक

ऑपरेशन्स प्रमुख म्हणाले, “रीडिंग इथे सगळेच जुळवतात. हा खरं बोलला म्हणून त्याला शिक्षा?” हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. मुलाखतीत सांगितल्याबद्दल त्याच्यावर कुठलीही कारवाई नाही. पण ज्या जागेवर नोंदीचा शेवटचा राखणदार तोच असणार, तिथे त्याला आत्ता बसवायचं नाही. आणि ‘सगळेच जुळवतात’ हे खरं असेल तर दोष एका माणसाचा उरत नाही. औषधांच्या दालनाचं हातानं लिहायचं रजिस्टर बंद करून लॉगरचा आलेख रोज छापून फाइलला लावायचं त्याच बैठकीत ठरलं.

मग भिवंडी की घणसोली? एकूण बेरीज जवळपास सारखी होती. बेरजेवर गेलो असतो तर नाणं उडवल्यासारखंच झालं असतं. आम्ही विचारलं: यातलं शिकवता काय येईल? टोळीशी वागणं शिकवता येईल, शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. पहाटे तीनला, स्वतःच्या चुकीसाठी, वरिष्ठाला उठवायचं धाडस आम्हाला शिकवता येईल असं तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही. बाईंना घेतलं. पहिले सहा आठवडे ऑपरेशन्स प्रमुख आठवड्यातून तीन रात्री डॉकवर थांबतील, असं लेखी ठरवलं.

पुढे काय झालं

ते लेखी ठरलेलं दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. नवा ग्राहक आला आणि प्रमुख दिवसपाळीत अडकले. एक मुकादम बाईंना ओलांडून थेट त्यांना फोन करायचा आणि ते उत्तर द्यायचे. पाचव्या आठवड्यात बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “मॅडम, मला २ गुण दिलेत ते बरोबरच होते. पण मग मला एकटीला का सोडलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी दोन्ही मुकादमांना बसवून सांगितलं की रात्रीचा फोन ते उचलणार नाहीत, ताईंशीच बोलायचं. ते त्यांनी पाळलं. हळूहळू घडी बसली. त्यात आमच्या सुपरवायझरचा वाटा मोठा होता, हे लिहायलाच हवं. त्यानंच बाईंना कुठल्या मुकादमाशी कसं बोलायचं ते शिकवलं. चार महिन्यांनी तो उरणच्या बाजूला दुसऱ्या गोदामात इनचार्ज म्हणून गेला. आमचा एक चांगला माणूस गेला.

सातव्या महिन्यात एका रात्री दोन चाळीसला डॉकवरचा रीफरचा प्लग ट्रिप झाला. बाईंनी माल आत घेतला, ती खोकी वेगळी ठेवली आणि तीनच्या सुमाराला ग्राहकाच्या गुणवत्ता अधिकाऱ्यांना फोन केला. लॉगर पाहून त्यांनी दुपारपर्यंत माल मोकळा केला, तापमान ८ च्या वर गेलेलंच नव्हतं. मालकांना हे सकाळी कळलं आणि ते संतापले. माल चांगला होता, तर बाहेरच्या माणसाला मला न विचारता फोन का?

पुन्हा करायचं झालं तर

मुलाखतीत सांगितलेल्या चुकीचं आम्ही काय करू, हे उमेदवारांना आधी सांगायला हवं होतं. विशेषतः आतल्या माणसाला. त्यानं विश्वासानं सांगितलं आणि जागा गेली. कारण मी त्याला समोर बसवून सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, पण तो गेला त्यात याचा भाग होता असं मला आजही वाटतं.

बाहेरच्या उमेदवारांचे प्रसंग पडताळायला मी कमी वेळ दिला. बाईंच्या फार्मसी प्रमुखांशी बोलले, तेही त्यांच्या परवानगीनं आणि निवडीनंतर. भिवंडीच्या उमेदवाराबद्दल कोणालाच विचारलं नाही. त्याची विरळ उत्तरं अनुभव नसल्यामुळे होती की अशा प्रश्नांची सवय नसल्यामुळे, हे मला आज सांगता येत नाही. आता मी उमेदवारांना दोन दिवस आधी कळवते की घडलेले प्रसंग विचारू, दोन-तीन आठवून या. रचलेली गोष्ट चौथ्या-पाचव्या ‘मग?’ला अडखळते, त्यामुळे आधी सांगितल्यानं नुकसान होत नाही.

आणि मालकांना मुलाखतीआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: असा माणूस खरंच आला आणि पहाटे तीनला त्यानं खरंच फोन केला, तर तुम्हाला चालेल का? ती चर्चा त्या फोननंतरच्या सकाळी झाली. दीड तास चालली, आवाज चढले, बाईही खोलीत होत्या. शेवटी रात्रपाळीच्या कामाच्या कागदावर एक ओळ वाढली: औषधांच्या तापमानाची शंका आली तर इनचार्जनं ग्राहकाला आणि मालकांना एकाच वेळी कळवावं, परवानगीची वाट पाहू नये. खाली मालकांची सही आहे.